सातशे नव्याण्णवची चिमणी

गंगाखेड
१८ जून २०२५

चि. प्राची,

कानांनी साथ सोडल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही आणि मोबाईलवर एकेक अक्षर टोचत बसायचा धीर माझ्यात नाही. म्हणून पोस्टानं लिहिते. तूही कागदावरच उत्तर दे, मावशीसाठी एवढं कर.

काल आमचे मुख्याध्यापक मार्तंड सर शिक्षकांच्या खोलीत पेपर घेऊन आले. पानभर जाहिरात. ‘चिमणी. पूर्ण संगणक. फक्त ७९९ रुपये.’ शेजारी तळहातावर मावेल अशी हिरवी पट्टी आणि खाली तुझ्या कंपनीचं नाव. सर म्हणाले, “बाई, ही तुमच्या भाचीचीच कंपनी ना? एवढ्यात तर धड चप्पल येत नाही.”

मला तो भाव बघूनच कसंतरी झालं. आठशे म्हणायची लाज वाटते म्हणून सातशे नव्याण्णव. पण त्या पट्टीवर तुझी मेहनत आहे हे माहीत असल्यानं गप्प बसले.

विचारायचं कारण निराळं आहे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले तात्याराव शाळेला आठ जुने संगणक द्यायला तयार आहेत. ते घरघरतात, तापतात, पण चालतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हो की नाही सांगायचंय. शाळा समितीतले लोक म्हणतात, जुनं भंगार कशाला, सरळ चिमण्या घेऊ. दहावीच्या पोरी तर आत्ताच कुणी कुठं बसायचं ते ठरवायल्यात.

तू पुण्यात मोठमोठ्या लोकांत बसतेस. मला साध्या शब्दांत सांग, हा संगणक खरंच या भावाला मिळेल का? तू हो म्हणालीस तर मी हो म्हणेन.

तुझी
अनसूया मावशी

*

पुणे
२९ जून २०२५

प्रिय मावशी,

तुझं अक्षर बघून अकरावीतली तुझी स्वयंपाकघरातली शिकवणी आठवली. एका हातानं भाकरी थापत तू मला विद्युतधारा समजावायचीस.

आता चिमणीचं. हो, ती माझीच. दीड वर्ष तिच्यावर काम केलंय. मोठ्या संगणकात जे सगळं वेगवेगळं असतं, म्हणजे मेंदू, मेमरी, जोडण्या, ते आम्ही एकाच पट्टीवर बसवलंय. तिला टीव्ही जोडायचा, कीबोर्ड जोडायचा, की झाला संगणक. पंखा नाही, घरघर नाही, वीज मोबाईलएवढीच खाते.

भाव कमी कसा, असं सगळेच विचारतात. लाखाच्या संख्येनं बनवलं की प्रत्येक नगामागचा खर्च उतरतो. फायदा आम्ही जवळजवळ घेतच नाही. आमचे मालक महारुद्र सर मूळचे पूर्णेचे. खेड्यातल्या पोरांच्या हातात संगणक गेला पाहिजे, हे वाक्य ते प्रत्येक बैठकीत बोलतात. आपल्याच भागातला माणूस आहे.

तात्यारावांचे संगणक घेऊ नकोस. त्यांच्यावर आता नवीन काहीच चालणार नाही, खोली मात्र अडेल. पंधरा जुलैला सकाळी दहाला आमच्या वेबसाईटवर विक्री उघडेल. शाळेच्या नावानं दहा मागवून टाका.

तुझी
प्राची

*

गंगाखेड
४ ऑगस्ट २०२५

चि. प्राची,

तुझं पत्र समितीत वाचून दाखवलं. तात्यारावांना हात जोडून नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असणार, पण तसं बोलले नाहीत. त्यांचे आठही संगणक पूर्णेकडच्या एका शाळेत गेले. तिथं शिकवणी सुरू झाल्याचं कळलं.

पंधरा तारखेला मार्तंड सर, मी आणि चार पोरी मोबाईल घेऊन कार्यालयात बसलो. दहाला पान उघडलं तर लिहिलेलं, ‘साठा संपला’. रेणुका म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे. ती म्हणाली, “बाई, उघडायच्या आधीच संपला का?” दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आजतागायत तेच. त्याच पानावर शेजारी मात्र ‘चिमणी प्लस’ आहे, दोन हजार चारशेला, आणि ती हवी तितकी मिळते. खाली बारीक अक्षरांत चार्जर वेगळा, मेमरी कार्ड वेगळं, वायर वेगळी, घरपोच आणायचे वेगळे.

गंगाखेडच्या बाजारात एक भांडेवाला दारावर ‘पन्नासला पातेलं’ असं लिहायचा आणि आत गेलं की पन्नासचं आत्ताच संपलं म्हणायचा. त्याच्या दुकानात आपण पाय ठेवत नव्हतो, आठवतं का? तुझं नाव त्या जाहिरातीखाली नसतं तर इथंही ठेवला नसता.

काय झालं ते कळव. समितीला मी उत्तर द्यायचं आहे.

अनसूया मावशी

*

पुणे
२० ऑगस्ट २०२५

प्रिय मावशी,

तू रागावली आहेस आणि ते बरोबरच आहे. मेमरीच्या चिपांचे भाव जगभर चढलेत, त्यामुळे पहिली खेप छोटी निघाली. पुढची लवकरच येईल असं सर म्हणतात.

पण चांगली बातमी आहे. मी सरांना तुझ्या शाळेबद्दल सांगितलं. ते लगेच म्हणाले, “पाच संच आपण स्वतः घेऊन जाऊ. पोरींसोबत छोटा व्हिडिओ करू.” पडदे, कीबोर्ड, सगळं आणतील. मला यायचं होतं, पण नेमकी इथं चाचणी आहे. पाहुण्यांना चहा दे, आणि तुझ्या हातचे धपाटे दिलेस तर तुझा राग गेला असं मी समजेन.

प्राची

*

पुणे
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र नाही. प्रकृती बरी आहे ना?

काल ऑफिसात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवला. कडुनिंबाखाली बसलेल्या पोरी, समोर चिमण्या, आणि मधे ती रेणुका, खाली तिचं नाव. “आता मी रोज घरी संगणकावर शिकते,” असं किती सहज म्हणाली ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचे लोक टाळ्या वाजवत होते आणि मी सगळ्यांना सांगत होते, ही माझ्या मावशीची शाळा.

पाच संच एका वर्गाला कमीच, पण सुरुवात झाली. पोरींनी काय काय केलं ते सविस्तर लिही. रेणुकाला एक घरी दिलास हे फार छान केलंस.

प्राची

*

गंगाखेड
९ ऑक्टोबर २०२५

प्राची,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू थट्टा करतेस. मग कळलं की तुला माहीतच नाही.

रेणुकाच्या घरी संगणक नाही. शाळेतही नाही. पाचही संच त्याच दिवशी परत गेले.

पांढऱ्या गाडीतून तिघं आले, दोन पुरुष आणि एक बाई. मार्तंड सरांनी त्यांना आपला विज्ञानाचा वर्ग दाखवला. गेल्या वर्षी गावानं रंग दिलाय, फरशी घातलीय, पंखे आहेत. मी पोरींकडून टेबलं पुसून घेतली होती. बाईनं दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, “हा वर्ग फार चांगला दिसतोय. असं नको.” मग पोरींना बाहेर कडुनिंबाखाली पोत्यांवर बसवलं. पायांतल्या चपला काढायला लावल्या. एका पोरीचा नवा फ्रॉक त्यांना चालला नाही, तिला मागं सरकवलं. सगळ्या नीट आवरून आल्या होत्या. त्यांना विस्कटून गरीब केलं.

मला ऐकू कमी येतं, दिसतं मात्र चांगलं. पट्ट्या उलट्या करून पाहिल्या, पाठीवर ‘प्लस’ लिहिलेलं. मी त्या बाईला विचारलं, “यातली सातशे नव्याण्णवची कोणती?” तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “मॅडम, कॅमेऱ्यात फरक कळत नाही.”

रेणुकाकडून ते घरचं वाक्य पाच-सहा वेळा म्हणवून घेतलं. ती अडखळत होती, कारण ते खरं नव्हतं. शेवटी पाठ झालं तेव्हा जमलं. तुला सहज वाटलं ते हे.

मग एकानं मऊ फडकं काढलं. पोरींनी हात लावला होता तिथले पडद्यांवरचे बोटांचे डाग पुसले आणि सगळं खोक्यांत भरलं. पोरींना वाटलं आत ठेवायला नेतायत. दोघी जणी खोकी उचलायला पुढं झाल्या आणि वर्गाकडं निघाल्या. त्यांच्या हातातून खोकी घेऊन गाडीत ठेवली. मार्तंड सर म्हणाले, “अहो, हे शाळेसाठी ना?” तर म्हणे, हे नमुन्याचे आहेत, तुमचे नंतर येतील.

धपाटे मात्र खाऊन गेले. उरलेले बांधून मागितले.

माझी पस्तीस वर्षं शाळेत गेली. निकृष्ट खडू पाहिला, खोटे पाहुणे पाहिले. पण त्या फडक्यानं जसं झालं तसं कधी झालं नव्हतं. घरी येऊन मी जेवले नाही.

अनसूया

*

पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

मावशी,

काय लिहू. मी महारुद्र सरांना विचारलं. ते म्हणाले काहीतरी गैरसमज झालाय, शूटिंगच्या लोकांना नीट सूचना नव्हत्या. तसंच असेल. तो माणूस तितका वाईट नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मी माझ्या पगारातून पाच संच विकत घेते आणि कुरियरनं पाठवते, दिवाळीची राहिलेली भेट म्हणून. मग झालं ना? समितीला सांग कंपनीकडून आले. कुणाला वाईट वाटायला नको.

प्राची

*

गंगाखेड
५ नोव्हेंबर २०२५

प्राची,

पाठवू नकोस. पाठवलेस तर परत पाठवीन.

तू कंपनीच्या नावानं संच पाठवणार आणि मी पोरींना सांगणार, बघा, जाहिरात खरी होती. त्यांनी थापा मारल्या त्या आपण दोघींनी पदरच्या पैशांनी खऱ्या करायच्या? आणि उरलेल्या हजार शाळांना कुठली मावशी आणि कुठली भाची?

तुझ्या पत्राची मला शिसारी आली. त्या गाडीतल्या बाईची आली होती त्याहून जास्त, कारण ती मला कोणी नव्हती. ‘तसंच असेल’ म्हणतेस. तुला हिशेब कळतो. पट्टी तू बनवलीस. ती सातशे नव्याण्णवला पडते की नाही हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मी जूनमध्ये हेच विचारलं होतं आणि तू लाखाच्या गोष्टी सांगितल्यास. लाख कुठं बनल्या?

सोबत रेणुकाचं पत्र आहे. तिनं स्वतःहून लिहिलं. मी एक अक्षर बदललं नाही.

अनसूया

*

प्राचीताईंना रेणुकाचा नमस्कार.

अनसूया बाईंनी सांगितलं की चिमणी तुमी बनवली, म्हणून तुमाला लिहायले. त्या दिवशी आलेल्या मॅडम म्हणल्या, म्हण मी रोज घरी शिकते. मी म्हणलं, घरी तर न्हाई. त्या म्हणल्या, अगं मिळणारच हाय. मला वाटलं मिळणार हाय तर आधी म्हणलं तरी काय बिघडतंय. म्हणून म्हणले.

आता तो व्हिडिओ लय जणांनी बघितलाय. माझी पाथरीची मावशी जीपनं संगणक बघायला आली. आईनं सांगितलं न्हाई म्हणून, तर ती म्हणली चतुराबाई, बहिणीपासून लपवायलीस का. रागानं चहा न पिता गेली. आई तिच्या मागं फाट्यापर्यंत गेलती.

परभणीची एक संस्था दहावीच्या पोरींना परीक्षेपर्यंत टॅब वापरायला देती. माझं नाव त्यात आलतं. त्यांनी काढलं. म्हणले तुझ्याकडं संगणक हाय, आमी बघितलं, तुझ्या जागी दुसरी गरजू पोरगी घेतो. मी सांगितलं तर ते हसले. एक सर म्हणले, मग तू तेव्हा खोटं बोललीस की आता बोलायलीस?

ताई, मला चिमणी नको. मला त्या व्हिडिओतून काढा. आन निघत नसंल तर तुमी या आन सगळ्यांम्होरं सांगा की मला बोलायला लावलं. आमच्या बाई सांगायल्यात, पण त्या आमच्याच हायत. तुमी सांगितलं तर लोकांना पटंल.

रेणुका

*

पुणे
३० नोव्हेंबर २०२५

मावशी,

रेणुकाचं पत्र घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी अर्धं वाचलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, “पोरगी हुशार आहे. पुढच्या व्हिडिओत घेऊ.”

मी म्हटलं, सर, तो भाव आपल्याला परवडत नाही. नुसते सुटे भागच त्याहून महाग पडतात. लाख बनवल्या तरी पडतात. हे मी मे महिन्यात तुम्हाला कागदावर दाखवलं होतं.

ते हसले. अगदी प्रेमानं, घरातल्या मोठ्या माणसासारखं. म्हणाले, “प्राची, तो भाव विकण्यासाठी नाही, छापण्यासाठी आहे. तो वाचून माणूस दारात येतो आणि प्लस घेऊन जातो. नाही घेतलं तरी आलेला मोजला जातो. पैसे लावणाऱ्यांना आपण तीच संख्या दाखवतो.” मग विचारलं, तुला चहा मागवू का.

सातशे नव्याण्णवच्या तीनशे बनवल्या होत्या, मावशी. त्याही पत्रकारांना आणि पाहुण्यांना वाटल्या. विक्रीला एकही ठेवली नव्हती. रेणुकानं विचारलं ना, उघडायच्या आधीच संपला का. हो. तसंच होतं.

मला मे महिन्यापासून कळत होतं की भाव बसत नाही. पण मी मनाला सांगत राहिले की सर काहीतरी जमवतील. आपली वस्तू एवढ्या लोकांना हवी आहे, हे ऐकायला मला फार गोड लागत होतं. तुझ्या जूनच्या पत्राला मी उत्तर दिलं ते त्या गोडीतून. ‘जवळजवळ फायदा घेत नाही’ हे वाक्य आमच्या जाहिरातवाल्यांचं होतं. ते मी तुला पाठवलं, माझं म्हणून. आता आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

व्हिडिओ काढा म्हणून मी लेखी मागणी केली. मग कुठला भाग कितीला पडतो आणि त्या व्हिडिओत काय घडलं, हे माझ्या नावानिशी इंटरनेटवर लिहिलं. रेणुकाचं नाव घातलं नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं की मी गुपितं फोडली, न्यायालयात खेचू. मी राजीनामा दिला. त्यानंतर व्हिडिओ निघाला. शरमेनं नव्हे. खाली लोक प्रश्न विचारायला लागले होते. कारण दिलं, ‘तांत्रिक’.

आज सकाळच्या पेपरात पुन्हा पानभर जाहिरात आहे. ‘चिमणी टू. आता आणखी स्वस्त.’

मी येते. तू दार उघडशील ना?

प्राची

*

गंगाखेड
८ डिसेंबर २०२५

चि. प्राची,

ये. शनिवारी पालकांना बोलावलंय, रेणुकाची आई चतुराबाई येणार आहेत. परभणीच्या संस्थेलाही मार्तंड सरांनी निरोप दिलाय. जे मला लिहिलंस तेच तिथं बोलायचं. रडायचं नाही. तू रडलीस की लोक तुला समजावत बसतील आणि रेणुका बाजूलाच राहील.

दार उघडंच असतं.

मावशी

*

पुणे
१६ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,

पोचले. तू दिलेला डबा गाडीतच संपवला.

शनिवारचं सगळं तुझ्यासमोरच झालं, ते परत लिहीत नाही. संस्थेचे ते सर रेणुकाजवळ जाऊन ‘माझं चुकलं, बाळा’ म्हणाले. ते तुला ऐकू आलं नसलं तरी तू त्यांचा चेहरा पाहिलास. टॅब सोमवारी तिच्या हातात पडला असेल. तिची पाथरीची मावशी आली नाही, याचं चतुराबाईंना वाईट वाटत होतं. तो सल मी काढू शकले नाही.

मी फळ्यावर चिमणीचा खरा भाव मांडला. पट्टी, चार्जर, कार्ड, वायर, कर, सगळं मिळून तीन हजारांच्या घरात. पोरींनी तो वहीत उतरवून घेतला.

रविवारी तुझ्या दारातून निघाले तेव्हा रेणुका माझी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आली. मग म्हणाली, “ताई, तुमी फळ्यावर लिहिला तो भाव पेपरात छापला असता तर?”

मी म्हटलं, “मग एवढी मागणी आली नसती. लोकांना महाग वाटला असता.”

“आमाला न्हाई वाटला,” ती म्हणाली. “आमी पोरींनी काल हिशेब केला. चौघी-चौघींत एक, पैसे वाटून. तात्यारावांचे संगणक हातचे गेले नसते, आन दिवाळीपर्यंत दोन तरी चिमण्या आल्या असत्या. आमी घेतला असता, ताई. खराच सांगायचा होता.”

जीप आली. तिनं माझी पिशवी आत ठेवली आणि मागं सरकून उभी राहिली.

मावशी, तो भाव ठरवायला आमच्या ऑफिसात कितीतरी बैठका झाल्या. नव्याण्णव की एकोणपन्नास, आकडा लाल की हिरवा, यावर लोक भांडले. खरा भाव सांगितला तर कोण घेईल, हे एकदाही कुणी विचारलं नाही. मी त्या सगळ्या बैठकांना होते.

तुझी
प्राची